चरित्रग्रंथाचे मुखपृष्ठ

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून एखादा विषय समजून घ्यावा, ही चाल महाराष्ट्रात गावोगाव पडली. अशा व्यासपीठावर ऊस, पाणी, कायदा, संतवाङ्मय हे विषय नित्याचे आहेत. पुस्तकाचे मुखपृष्ठ, आणि तेही चरित्रग्रंथाचे, हा विषय कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले, आणि वाचनालयातही चरित्रांच्या कपाटापाशी अधिक झाले. धनंजय कीर हे मुंबई महापालिकेत कारकुनी करणारे गृहस्थ. त्यांनी आंबेडकर, फुले, शाहू महाराज यांची चरित्रे लिहिली आणि आमच्यासारख्या हजारोंना घरबसल्या विद्यापीठ मिळाले. दुसरे असे, की ज्याला द्वारसभा घ्यायच्या असतात त्याला फलक रंगवावे लागतात आणि पत्रके छापावी लागतात. पाळी सुटली की माणूस घराच्या ओढीने निघालेला असतो. त्या घाईत त्याने आमचे पत्रक हातात घ्यावे की न घ्यावे, हे पहिल्या दोन क्षणांत ठरते. पुस्तकाचेही तसेच आहे.

मुखपृष्ठ डोळ्यांत भरले पाहिजे, याबद्दल वाद नाही. आमच्या सोमेश्वरनगरच्या बाजूला पुस्तकाची आणि माणसाची गाठ पडते ती वाचनालयात, जयंतीच्या मंडपातल्या टेबलावर, किंवा एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर. तेथे एकाशेजारी एक पन्नास पुस्तके मांडलेली असतात आणि पाहणारा उभ्या उभ्या पाहत असतो. आता तर दुकान मोबाइलच्या पडद्यावर आले आहे आणि तेथे मुखपृष्ठ टपालाच्या तिकिटाएवढे दिसते. अशा ठिकाणी जे पुस्तक नजर थांबवीत नाही ते उघडले जात नाही, आणि जे उघडले जात नाही त्यातला मजकूर कितीही मोलाचा असला तरी व्यर्थ होय.

परंतु चरित्राची गोष्ट इतर पुस्तकांहून एका बाबतीत निराळी आहे. कादंबरीचा नायक लेखकाच्या मनात जन्मतो. चित्रकाराने त्याला हवा तसा रंगवावा. चरित्राचा नायक खरोखर जगून गेलेला असतो. त्याला त्याचा स्वतःचा चेहरा होता, काम होते, घर होते, आणि त्याला ओळखणारी माणसे अजून कदाचित हयात असतात. म्हणून चरित्राच्या मुखपृष्ठाला दोन कामे करावी लागतात: वाचकाला थांबवावे, आणि त्या माणसाशी खोटे वागू नये. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात असे पुष्कळांना वाटते. खरेपणा म्हटला की मुखपृष्ठ फिके होणार, आणि आकर्षक करायचे म्हटले की थोडे खोटे आलेच, अशी समजूत आहे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. जी गोष्ट खरी असते आणि त्या एकाच माणसाची असते, तीच सर्वांत अधिक डोळ्यांत भरते. हे कसे, ते क्रमाने पाहू.

पोथीचे बासन ते रंगीत वेष्टन

मराठीत चरित्र जुने आहे, मुखपृष्ठ नवे आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा आणि मराठी चरित्राचा तो पाया मानतात. पण पोथीला मुखपृष्ठ नसे, तिला कापडाचे बासन असे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. तेथे हेतू ग्रंथ परक्या नजरेपासून राखण्याचा होता, परक्याला जवळ बोलावण्याचा नव्हता. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले आणि छापील पुस्तकांचे युग जवळ आले. तरी पुष्कळ काळ पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, कर्ता, छापखाना आणि किंमत एवढाच मजकूर वेलबुट्टीच्या चौकटीत बसवीत.

छायाचित्र मुखपृष्ठावर आले ते हाफटोन ब्लॉकमुळे. या ब्लॉकमध्ये छायाचित्र बारीक ठिपक्यांत फोडलेले असते. ठिपके मोठे तेथे गडद, लहान तेथे फिके. एका रंगाला एक ब्लॉक आणि यंत्रावर एक फेरा, असा हिशेब होता. त्यामुळे खर्च सांभाळणारा प्रकाशक दोन-तीन रंगांत भागवी. या अडचणीतच मराठी मुखपृष्ठाची घडण झाली. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या दोघांनी मराठी वाचकाच्या डोळ्यांना वळण लावले. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा वार्षिक अंक काढला. मुळगावकरांची देवदेवतांची चित्रे घरोघर लागली आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची त्यांची मुखपृष्ठे लोकांनी झडप घालून घेतली. पेशाने स्थापत्य अभियंते असलेले वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी निराळी वाट घेतली. थोड्या रेषांत माणसाची लकब पकडावी, हे त्यांचे बळ. चरित्राच्या चित्रकाराला या शेवटच्या वाटेपासून शिकण्यासारखे फार आहे, कारण रहस्यकथा भीतीने खेचते, चरित्र ओळखीने खेचते.

चित्राशिवायही वाचक थांबतो, याचा दाखला इंग्लंडात सापडतो. ॲलन लेन यांनी जुलै १९३५ मध्ये सहा पेन्स किमतीची पेंग्विन पुस्तके बाजारात आणली. त्यांवर चित्र नव्हते. रंगाचे आडवे पट्टे होते आणि मध्ये नाव. नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवा म्हणजे गुन्हेकथा, गडद निळा म्हणजे चरित्र. त्या मालेचे अगदी पहिले पुस्तक कवी शेलीचे चरित्र होते, आंद्रे मोर्वा यांचे 'एरिअल'. म्हणजे साधेपणाही डोळ्यांत भरू शकतो, मात्र तो मनात ठरवून केलेला असला पाहिजे.

चेहरा

चरित्रावर नायकाचा चेहरा असावा, हा पहिला विचार स्वाभाविक आहे. माणसाची नजर चेहऱ्याकडे आपोआप वळते. पण चेहरा म्हणजे कोणता चेहरा? एकाच माणसाचे विशीतले, चाळिशीतले आणि सत्तरीतले रूप तीन निरनिराळी माणसे वाटावीत इतके भिन्न असते. सामान्यतः घरची मंडळी शेवटच्या काळातला, हार घालून भिंतीला लावलेला फोटो काढून देतात, आणि चित्रकार तोच उचलतो. त्यामुळे आमच्याकडील निम्मी चरित्रे श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखी दिसतात. पुस्तकात ज्या वयात त्या माणसाने आपले मुख्य काम केले असेल, त्या वयाचा फोटो शोधला पाहिजे. छायाचित्रकाराच्या दुकानात ताठ बसून काढलेल्या फोटोपेक्षा सभेतला, शेतातला, यंत्रापाशी उभा असलेला फोटो अधिक बोलतो. तो समूहाचा असेल तर आजूबाजूची माणसे कापून टाकण्याची घाई करू नये. कित्येकदा नायक कोणाकडे पाहत आहे यातच त्याचे चरित्र असते.

फोटोवर हात चालविण्याची मर्यादाही ठरली पाहिजे. डाग काढावे, चिरा बुजवाव्या, फिकेपणा घालवावा, हे योग्य. परंतु सावळ्या माणसाला गोरा करणे, बसलेले गाल भरून काढणे, मळक्या सदऱ्यावर कोट चढविणे, हे त्या माणसाच्या आयुष्यावर पांढरी सफेदी फिरविणे आहे. उन्हात राबून ज्याचा वर्ण रापला त्याचा वर्ण हीच त्याची हजेरी होय, ती खोडण्याचा अधिकार चित्रकाराला नाही.

फोटोच नसेल तर प्रश्न अधिक अवघड होतो. शिवाजी महाराजांच्या बाबतीत महाराष्ट्राने याचा अनुभव घेतलेला आहे. एके काळी दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचे विश्वसनीय चित्र शोधून १९३३ साली ते लोकांपुढे ठेवले, तेव्हा तो गैरसमज दूर झाला. याच बेंद्र्यांनी कित्येक वर्षे खपून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि नाटकांनी रंगवलेला संभाजी बाजूला सारून कागदपत्रांतला संभाजी पुढे आणला. आता विचार करा. अशा चरित्रावर कोणी नाटकातल्या पोशाखातला संभाजी छापला, तर ग्रंथाने आत जे खोडले तेच मुखपृष्ठाने बाहेर पुन्हा लिहिल्यासारखे होईल.

तुकोबांचे उदाहरण सौम्य आहे, पण बोलके आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' हा बोलपट १९३६ साली आला आणि विष्णुपंत पागनिसांचा चेहरा लोकांच्या मनात असा बसला, की पुढे तुकोबांचे चित्र म्हटले की पागनिसच डोळ्यांपुढे येऊ लागले. पागनिसांचा अभिनय थोर होता, त्याबद्दल शंका नाही. पण चरित्राच्या मुखपृष्ठावर नटाचा चेहरा हा संताचा चेहरा म्हणून येऊ नये. आता तर संगणकातील कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन ओळींचे सांगणे दिले, की कोणत्याही माणसाचा चेहरा क्षणात तयार होतो, आणि तो इतका हुबेहूब दिसतो की पुढच्या पिढीला तो फोटोच वाटेल. ज्याचे छायाचित्र नाही त्याला खोटा चेहरा देण्यापेक्षा चेहऱ्यावाचून राहू द्यावे. चित्रकाराने कल्पनेने चित्र काढलेच, तर आत 'काल्पनिक चित्र' असे स्पष्ट छापावे. 'स्वामी' (१९६२) किंवा 'मृत्युंजय' (१९६७) यांसारख्या कादंबऱ्यांना जी मोकळीक आहे, ती चरित्राला नाही.

वस्तू

चेहरा नसला तरी मुखपृष्ठ अडून बसत नाही, कारण वस्तू बोलतात. गाडगेबाबांचे चरित्र घ्या. एक खराटा आणि एक मडक्याचे गाडगे कोऱ्या पार्श्वभूमीवर ठेवले, तर खाली नाव नसले तरी लहान मूलही ओळखील. ही वस्तू शोभेसाठी निवडलेली नाही. बाबा गावात शिरताना ती हातात असे, आणि कीर्तनाआधी गाव झाडून निघे. वस्तूची कसोटी हीच. ती त्या माणसाच्या हाताने रोज वापरलेली असावी, आणि ती पाहून त्याचे काम आठवावे.

आमच्या चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांच्या चरित्राला मुखपृष्ठ करायचे झाले तर काय करावे? त्यांच्या नावाने भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले, तरी त्यांचा चेहरा पाहून ओळखणारी माणसे थोडी आहेत. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधु' पत्र चालविले, आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी म्हणून मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत स्त्री कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आमच्या मते या चरित्राचे मुखपृष्ठ घराघरांतल्या भिंतीवर आधीच टांगलेले आहे: दिनदर्शिकेचे एक पान, सहा रकाने काळे आणि एक तांबडा. त्या तांबड्या रकान्यात चरित्राचे नाव. यात मूठ नाही, मशाल नाही, उगवता सूर्य नाही. तरी पाहणारा थांबेल, कारण तो रविवार त्याच्या स्वतःच्या घरातला आहे, आणि तो कोणी मिळवून दिला हे त्याला ठाऊक नसते.

जवळचे उदाहरण घेऊ. बारामतीचे भूषण कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी एकशेआठ रामायणे रचली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांपैकी एक निरोष्ठ रामायण. त्यात ओठांना ओठ लागणारी अक्षरे वर्ज्य केलेली आहेत. मोरोपंतांच्या चरित्रावर पगडी घातलेला कोणी पंत पोथी वाचताना दाखविला, तर तो कोणताही पंत वाटेल. त्याऐवजी पानभर वर्णमाला मांडावी, 'प फ ब भ म' ही ओळ रिकामी सोडावी, आणि त्या रिकाम्या ओळीत तांबड्या शाईने 'मोरोपंत' हे नाव घालावे. जी अक्षरे त्यांनी रामकथेतून वगळली, त्यांतलीच 'म' आणि 'प' ही दोन त्यांच्या नावात आहेत! अशा मुखपृष्ठाला रंगीत चित्राचा खर्च नाही, आणि ज्याला कोडे सुटले तो पुस्तक उघडल्यावाचून राहणार नाही.

काही आयुष्ये मात्र अशी असतात, की वस्तूंची दाटी होते. इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाचे वालचंदनगर उभे आहे, ते वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) याचे उदाहरण. जहाजे, विमानांचा कारखाना, मोटारी, रेल्वेचे बोगदे, साखर. एका माणसाच्या आयुष्यात एवढे उद्योग. गं. दे. खानोलकरांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे. अशा चरित्रावर सगळे एकत्र घातले तर मुखपृष्ठाचे प्रदर्शन होते, आणि प्रदर्शनात कोणतीच वस्तू लक्षात राहत नाही. तेथे चित्रकाराने लेखकाला एक प्रश्न विचारावा: 'या माणसाबद्दल तुमचे पुस्तक एका वाक्यात काय म्हणते?' लेखक म्हणाला, 'परक्यांच्या मक्तेदारीशी झुंजला', तर ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज पुरे. लेखक म्हणाला, 'माळावर नगर वसविले', तर माळ आणि त्यावरचे एक धुराडे पुरे. ज्या लेखकाला ते एक वाक्य सांगता येत नाही, त्याच्या पुस्तकाला कोणताच चित्रकार मुखपृष्ठ देऊ शकणार नाही.

सत्यजित राय चित्रपटांकडे वळण्यापूर्वी कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठे करीत. जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊँच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकाच्या बंगाली आवृत्तीला त्यांनी वाघाच्या कातड्याचे वेष्टन केले. पुढे गोळी शिरल्याचे छिद्र, मागे ती बाहेर पडल्याचे छिद्र. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ हे तीन तुकडे नसून एकच अंगरखा आहे, हे यावरून ध्यानात येते.

अक्षर

पुस्तकाच्या नावाचे अक्षर ही मुखपृष्ठाची अर्धी बाजू आहे, आणि ती बहुधा दुर्लक्षित राहते. देवनागरीचा स्वभाव रोमन लिपीहून निराळा आहे. आपली अक्षरे रेघेला टांगलेली असतात. वर वेलांट्या आणि मात्रा चढतात, खाली उकार उतरतात. म्हणून दोन ओळींच्या नावात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या चौकटीत मराठी नाव कोंबले, की हा अपघात हटकून होतो. उपाय म्हणजे ओळींत जागा सोडणे, अथवा जाणत्या हाताकडून नाव लिहून घेणे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची आणि नियतकालिकांची नावे अशी लिहिली, की नाटक कोणत्या जातीचे ते अक्षरावरूनच कळे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी देवनागरीच्या घडणीचा शास्त्रासारखा अभ्यास केला. संगणकावरचा 'मंगल' हा सर्वपरिचित टंक त्यांचाच. आज चांगले देवनागरी टंक सहज आणि काही तर फुकट मिळतात, त्यामुळे वाईट अक्षराला सबब उरलेली नाही.

चरित्राच्या बाबतीत आणखी एक नियम पाळावा. व्यक्तीचे नाव सर्वांत मोठे असावे. 'एक झंझावात', 'एक तेजस्वी पर्व' अशी विशेषणे लहान असावीत, आणि नसली तर अधिक बरे. लेखकाचे नाव नायकाच्या नावाहून मोठे छापलेले आम्ही पाहिले आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्या पाहुण्यांचा फोटो मुखपृष्ठावर आलेलाही पाहिला आहे. त्याला मुखपृष्ठ म्हणत नाहीत, सत्काराचा फलक म्हणतात.

कण्याचा विचार फारच थोडे लोक करतात. वाचनालयात पुस्तक उभे असते, तेथे दिसतो तो फक्त कणा. त्यावर अक्षरे एकाखाली एक रचू नयेत. त्यात रेघ तुटते आणि जोडाक्षराची दुर्दशा होते. सबंध नाव आडवे लिहून ते फिरवून बसवावे. शिवाय पुष्कळ वाचनालये पुस्तक फाटू नये म्हणून पुन्हा बांधून घेतात आणि मूळ मुखपृष्ठ रेक्झिनखाली नाहीसे होते. ग्रंथपालांनी ते कापून नव्या बांधणीवर चिकटवावे, एवढी त्यांना आमची विनंती आहे. पाच मिनिटांचे काम आहे.

रंग, कागद आणि हिशेब

आता छपाई ऑफसेटवर होते आणि चार रंगांचा खर्च पूर्वीसारखा जाचत नाही. त्यामुळे उलटीच आपत्ती ओढवली आहे: सगळे रंग परवडतात म्हणून सगळे रंग वापरले जातात. टेबलावरच्या पन्नास रंगीबेरंगी पुस्तकांत एखादे दोन रंगांचे पुस्तकच उठून दिसते. यात्रेत सगळेच भोंगे वाजत असताना जो गप्प उभा आहे त्याच्याकडे नजर जाते, तसे हे आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण गावोगाव आता चरित्रे आणि गौरवग्रंथ निघतात आणि काम करणारांना या माहीत नसतात. छपाईसाठी चित्रात एका इंचात तीनशे ठिपके असावे लागतात. पासपोर्टएवढा फोटो तीनशेने स्कॅन करून चौपट मोठा केला, तर इंचाला पंचाहत्तरच ठिपके उरतात आणि चेहरा पुसट होतो. तो बाराशेने स्कॅन केला पाहिजे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, मूळ फोटोच मागवावा. पानाच्या कडेपर्यंत रंग जाणार असेल, तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जादा सोडावे, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ राहते. कण्याची जाडी अंदाजाने धरू नये. २४० पानी पुस्तक म्हणजे पंधरा फर्मे, म्हणजे १२० पत्रे. सत्तर ग्रॅमच्या कागदाचा एक पत्रा साधारण ०.०९ मिलिमीटरचा धरला, तर कणा सुमारे ११ मिलिमीटर होतो. छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घेतली, की वाद मिटतो. आणि शेवटी मुखपृष्ठाचा नमुना भिंतीला लावून आठ-दहा पावलांवरून पाहावा, मग मोबाइलवर अंगठ्याएवढा करून पाहावा. दोन्हीकडे नाव वाचता आले, तर ते बाजारात उभे राहील.

कष्टकऱ्याचे चरित्र

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला, त्या मुद्द्याकडे येतो. थोरांच्या चरित्रांना मुखपृष्ठ मिळते, कारण त्यांचे फोटो असतात, चाहते असतात, पैसा असतो. ज्यांचे आयुष्य गव्हाणीवर, बॉयलरपाशी, उसाच्या फडात गेले, त्यांची चरित्रे मुळात थोडी. आणि जी निघतात त्यांवर ठराविक चित्र असते: आवळलेली मूठ, झेंडा, धुराडे आणि मागे तांबडा सूर्य. ही चिन्हे आमचीच आहेत, आम्ही ती भिंतींवर हजारदा रंगवली. पण झेंडा सर्वांचा असतो, चरित्र एकाचे असते. मुठीला चेहरा नसतो. ज्याला जन्मभर कारखान्याच्या दप्तरात फक्त हजेरी क्रमांक होता, त्याच्यावर पुस्तक काढून पुन्हा त्याला बिननावाचा करायचा, हा अन्याय आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने एका दिवंगत सहकाऱ्याची छोटी चरित्रपुस्तिका काढली. त्याचे फोटो दोनच: एक लग्नातला, एक ओळखपत्रावरचा. चित्रकाराने रिवाजाप्रमाणे मूठ आणि धुराडे काढून आणले, चित्र सुबक होते. ते त्याच्या पत्नीला दाखवले. ती माउली बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, चित्र लई चांगलं हाय. पण ह्यात आमचं माणूस कुठं हाय?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. मग तिने पेटीतून एक खिशातली वही काढली, रबराने बांधलेली, घामाने कडा काळ्या पडलेली. हंगामी कामगारांच्या भरलेल्या दिवसांच्या आणि फंडाच्या नोंदी तो तीत करीत असे, कारण दप्तरात दिवस कमी लागले तर दाखवायला दुसरा पुरावा नसे. त्या वहीचाच फोटो मुखपृष्ठावर घेतला, आहे तसा, रबरासकट. पुस्तिका कँटीनच्या टेबलावर ठेवली तेव्हा कोणाला काही सांगावे लागले नाही. ती वही सगळ्यांनी पाहिलेली होती. कित्येकांचे बुडालेले दिवस तिच्यामुळे परत मिळाले होते.

यावरून स्त्रियांच्या बाजूकडेही लक्ष गेले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट रयतच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. कर्मवीरांच्या चरित्रावर त्यांची दाढी, घोंगडी आणि संस्थेचा वटवृक्ष येतो, तो यावाच. पण एखाद्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर लक्ष्मीबाई आल्या, तर ते चरित्र अधिक पुरे होईल.

चित्रकाराचा हक्क

शेवटचा मुद्दा मजुरीचा, आणि तो आम्ही सोडणार नाही. मुखपृष्ठ करणारा हाही कामगार आहे. त्याचे नाव आतल्या पानावर छापले पाहिजे, मोबदला आधी ठरला पाहिजे, आणि पुढच्या आवृत्तीत चित्र बदलायचे किंवा दुसरीकडे वापरायचे तर त्याला विचारले पाहिजे. फोटोचेही तसेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. 'इंटरनेटवर सापडला' म्हणजे तो बेवारस झाला असे नव्हे. फोटो कोणी काढला हे कळले, तर त्याचेही नाव द्यावे; गावातल्या छायाचित्रकाराने पन्नास वर्षांपूर्वी एक कळ दाबली म्हणूनच आज तो चेहरा आपल्यापुढे आहे.

तात्पर्य, चरित्राचे मुखपृष्ठ छापायला टाकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे चित्र दुसऱ्या कोणाच्या चरित्रावर चालले असते का? चालले असते, तर ते बाजूला ठेवावे. यातले काही खोटे आहे का? असेल, तर ते कितीही देखणे असले तरी काढून टाकावे. आणि ज्याने त्या माणसाला ओळखले, त्याच्यापुढे हे धरले तर तो काय म्हणेल? हा तिसरा प्रश्न प्रत्यक्ष कोणाला तरी नेऊन विचारावा, मनातल्या मनात विचारून भागत नाही.

आमच्या भागात अजून अशी पुष्कळ माणसे आहेत, ज्यांचे चरित्र लिहिले जायचे आहे. कालव्याच्या पाण्यासाठी भांडलेली, पहिल्या गळीत हंगामात मोळी टाकताना हजर असलेली, कोयता घेऊन दरसाल येणारी आणि इथेच राहिलेली. त्यांची चरित्रे उद्या कोणी लिहील. पण मुखपृष्ठाची तयारी आजच करता येते. घरी गेल्यावर जुन्या पेट्या उघडा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. आज ओळखणारी आजी आहे, उद्या नसेल. वह्या, बिल्ले, हत्यारे, चष्मे भंगारात घालू नका. लिहिणारा जेव्हा येईल, तेव्हा त्याच्या हाती एक खरी वस्तू द्यायला आपल्यापाशी असली पाहिजे.